धिरड्याचे गणित : कमी कर्बोदकांचा पॅनकेक घरच्या घरी



या वेळचा पाठ स्वयंपाकघरातला आहे. आपल्या वर्गातील अनेक घरांत सध्या कोणी ना कोणी 'खाण्यावर लक्ष' ठेवून आहे. कोणाच्या बाबांनी भात कमी केला आहे, कोणाच्या आजीने साखर सोडली आहे. अशा घरात सुट्टीच्या सकाळी मुलांनी पॅनकेक मागितला की दोन स्वयंपाक करावे लागतात. मुलांसाठी मैद्याचा पॅनकेक आणि मोठ्यांसाठी काहीतरी वेगळे, बहुधा बेचव. एकाच तव्यावर दोघांचे भागेल का, हे आज पाहू. जाता जाता थोडे व्याकरण आणि थोडे गणितही होईल.

१. आधी शब्द

पॅनकेक म्हणजे पातळ भिजवलेले पीठ तव्यावर पसरून दोन्ही बाजूंनी भाजलेला पदार्थ. या व्याख्येत आपल्याकडचे किती पदार्थ बसतात ते पाहा. देशावरचे धिरडे, कोकणातले तांदळाचे घावन आणि मालवणकडची आंबवलेल्या पिठाची आंबोळी हे सारे पॅनकेकचे भाऊबंदच. थालीपीठ मात्र या कुटुंबातले नाही. त्याचे पीठ घट्ट असते आणि ते थापावे लागते.

आपण ज्या देशात राहतो तेथेही असा पदार्थ आहे. त्याचे नाव चबाब. पीठ, अंडी व यीस्ट यांत वेलची आणि केशर घालून इमिराती घरांत तो न्याहारीला करतात आणि खजुराचा पाक व चीज यांच्याबरोबर खातात. म्हणजे मजाजच्या पाणकाठावर फिरून आल्यावर एका घरात चबाब होतो आणि शेजारच्या घरात धिरडे. तवा दोन्हीकडे सारखाच तापतो.

आता दुसरा शब्द, कर्बोदके. कर्ब म्हणजे कार्बन आणि उदक म्हणजे पाणी. कर्ब + उदक = कर्बोदक. 'अ' आणि 'उ' एकत्र आले की 'ओ' होतो. सूर्य + उदय = सूर्योदय हा संधी आपण शिकलो आहोत, तोच येथे आहे. भात, पोळी, बटाटा, साखर, खजूर यांत कर्बोदके भरपूर असतात. इंग्रजीत ज्याला 'लो कार्ब' म्हणतात त्याला आपण 'कमी कर्बोदकांचे' म्हणू.

२. कर्बोदके कमी का करायची?

कर्बोदके शत्रू नाहीत. ती पचली की त्यांची ग्लुकोज नावाची साधी साखर होते आणि ती रक्तातून सर्व अवयवांकडे जाते. आपला मेंदू मुख्यतः याच ग्लुकोजवर चालतो. रक्तातील ग्लुकोज पेशींमध्ये नेण्यासाठी स्वादुपिंडातून इन्सुलिन हे संप्रेरक येते. टोरांटो येथे १९२१ साली याचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत प्रथमच एका मुलाला ते टोचण्यात आले. इन्सुलिन कमी पडू लागले, किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, की रक्तातील साखर वाढत जाते. हाच मधुमेह. अशा माणसाने एका वेळी किती कर्बोदके खाल्ली याला महत्त्व येते, कारण जेवणानंतरची साखर बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

'आमच्या घरी कोणी जाड नाही, आम्हाला काय त्याचे?' असे कोणी म्हणेल. यासाठी पुण्यातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनाचा काटा दोघांना एकच आकडा सांगत होता आणि आतला हिशेब निराळा होता.

हा फरक जन्मापासून दिसतो, हेही डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली त्यांनी माता आणि बालके यांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, पण चरबीचे प्रमाण जास्त, असा हा बांधा. म्हणून आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. आपण देश सोडून आलो, तरी शरीर तेच बरोबर आणले आहे.

३. नऊशे वर्षांपूर्वीचा तवा

बिनमैद्याचा पॅनकेक ही आजची फॅशन आहे असे वाटते. तशी ती नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाचे वर्ष ११२९ मानतात. त्यात राजाच्या खाण्यापिण्याचे मोठे प्रकरण आहे आणि 'धोसक' नावाचा पदार्थ आहे. डोशाचे हे जुने नाव. पण त्यात तांदूळ नाही. डाळ वाटायची आणि तेल लावलेल्या तव्यावर भाजायची, अशी ती कृती. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातले. हा जिल्हा महाराष्ट्राला लागून आहे आणि तेथे आजही मराठी बोलणारी घरे आहेत. आजीचे मुगाचे धिरडे आणि राजाचा धोसक यांत फारसे अंतर नाही.

४. पिठांचा तक्ता

आता गणित. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यातील काही आकडे पूर्णांकात करून पुढे दिले आहेत. सर्व आकडे १०० ग्रॅम कच्च्या पदार्थाचे आहेत. कर्बोदकांतून तंतू वगळले आहेत.

तांदूळ – कर्बोदके ७८, प्रथिने ८, तंतू ३
मैदा – कर्बोदके ७४, प्रथिने १०, तंतू ३
ज्वारी – कर्बोदके ६८, प्रथिने १०, तंतू १०
गव्हाचा आटा – कर्बोदके ६४, प्रथिने ११, तंतू ११
मूगडाळ – कर्बोदके ५३, प्रथिने २४, तंतू ९
हरभरा डाळ – कर्बोदके ४७, प्रथिने २२, तंतू १५
बदाम – कर्बोदके ३, प्रथिने १८, तंतू १३

तक्ता नीट वाचला तर तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली : ज्वारी आणि गव्हाचा आटा मैद्यापेक्षा चांगले आहेत, कारण त्यांत तंतू तिप्पट-चौपट आहेत. पण कर्बोदकांच्या बाबतीत ते मैद्यापासून फार दूर नाहीत. 'ज्वारीचे आहे, कितीही खा' हे बरोबर नाही.

दुसरी : बेसन म्हणजे हरभरा डाळीचे पीठ. त्यात तांदळाच्या मानाने कर्बोदके खूपच कमी आणि प्रथिने जवळजवळ तिप्पट. तरीही जवळपास निम्मे वजन कर्बोदकांचेच आहे. बेसनाला 'कमी' म्हणताना 'कशापेक्षा कमी' हे विचारलेच पाहिजे.

तिसरी : बदामात कर्बोदके नावापुरती आहेत. मात्र बदामाचे अर्ध्याहून अधिक वजन तेलाचे असते, हे या तक्त्यात दिसत नाही. त्याकडे पुढे येऊ.

एक सूचना पालकांसाठी. दुकानातील पुडीवर बेसनाचे आकडे ५८ किंवा ६० असे दिसू शकतात. पुष्कळ पुड्यांवर 'एकूण' कर्बोदके छापतात आणि त्यात तंतू धरलेले असतात. तंतू वेगळे लिहिले असतील तर एकूण आकड्यातून ते वजा करावेत. दोन पुड्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे पाहावे.

५. ताटलीचा हिशेब

१०० ग्रॅमचे आकडे पुस्तकात ठीक. ताटलीत काय येते?

नेहमीचा पॅनकेक घेऊ. १०० ग्रॅम मैदा, २ मोठे चमचे साखर, १ अंडे, १५० मिलिलिटर दूध. मैद्याची कर्बोदके ७४, साखरेची २५, दुधाची ७. बेरीज १०६. याचे सहा पॅनकेक झाले तर एकात सुमारे १८ ग्रॅम. तीन खाल्ले तर सुमारे ५३. त्यावर २ मोठे चमचे मध घातला की आणखी ३४. एकूण ८७ ग्रॅम.

आता मुगाचे धिरडे. १०० ग्रॅम मूगडाळ आणि पालक मिळून कर्बोदके ५५. चार धिरडी झाली तर एकात सुमारे १४ आणि दोघांत २८. शिवाय दोन धिरड्यांतून सुमारे १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. ८७ च्या जागी २८, म्हणजे तिसरा हिस्सा. हे औषध नव्हे, पण रोजच्या न्याहारीत एवढा फरक पडणे थोडे नाही.

मैद्याच्या बेरजेत एक गंमत आहे. ८७ पैकी ३४ ग्रॅम वरून ओतलेल्या मधाचे आहेत. समजा आपण मैदा टाकून बेसन आणले आणि वरून मध मात्र तसाच ओतला, तर काय साधले? मराठीत याला 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' असे म्हणतात. गूळ, मध, खजुराचा पाक हे 'नैसर्गिक' असले तरी रक्तात पोचल्यावर त्यांचीही साखरच होते. तेव्हा धिरड्याबरोबर काय आहे, हा प्रश्न पिठाइतकाच महत्त्वाचा आहे. हिरवी चटणी, दही, काकडीची कोशिंबीर, पनीर चालेल. बटाट्याची भाजी आणि गोड चहा यांनी हिशेब पुन्हा पहिल्या पानावर येतो.

६. कृती पहिली : मूगडाळ-पालक धिरडे

साहित्य (चार धिरडी) : १०० ग्रॅम मूगडाळ, १०० ग्रॅम पालक, १ इंच आले, १ हिरवी मिरची, अर्धा चमचा जिरे, चिमूटभर हिंग, चवीपुरते मीठ, भाजण्यासाठी २ चमचे तेल.

कृती : डाळ धुऊन तीन ते चार तास भिजत घालावी. पाणी निथळून आले, मिरची आणि अगदी थोडे पाणी घालून बारीक वाटावी. पालक बारीक चिरून मिसळावा. हिंग, जिरे, मीठ घालावे. पीठ पळीतून सावकाश पडेल इतके पातळ असावे. तवा तापला की पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो चर्र करून नाचू लागला की तवा तयार. आच मध्यम करून थोडे तेल पुसून घ्यावे, मध्यभागी पळीभर पीठ घालून पळीच्या तळाने गोल पसरावे. झाकण ठेवून दोन मिनिटे थांबावे. कडा सुटू लागल्या की उलटावे आणि दुसरी बाजू भाजावी.

डाळ भिजवायला वेळ नसेल तर बेसन वापरावे. ६० ग्रॅम बेसनाची दोन धिरडी होतात आणि त्यांत कर्बोदके पुन्हा सुमारे २८ च. बेसनात पाणी एकदम ओतू नये, गुठळ्या होतात. थोड्या पाण्यात घट्ट कालवून मग पातळ करावे आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे पिठाचा कण पाणी पिऊन फुगतो व धिरडे तुटत नाही.

दोन गोष्टींचा मोह टाळावा. कुरकुरीत व्हावे म्हणून अनेक घरांत यात तांदळाचे पीठ घालतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम घातले तरी २३ ग्रॅम कर्बोदके वाढतात. तेलाचेही मोजून पाहावे. तव्यावर बाटलीतून धार सोडण्याऐवजी चमचा वापरावा.

७. कृती दुसरी : बदामाचा गोडसर पॅनकेक

हा मुलांच्या ओळखीच्या पॅनकेकसारखा दिसतो. याची चव वेलची-केशरामुळे चबाबच्या जवळ जाते.

साहित्य (सहा लहान) : ६० ग्रॅम बदामाची बारीक पूड, २० ग्रॅम बेसन, २ अंडी, पाव चमचा बेकिंग पावडर, १ चमचा इसबगोल, ५० मिलिलिटर दूध, वेलचीपूड, दुधात भिजवलेले केशर, चिमूटभर मीठ, भाजण्यासाठी २ चमचे तूप.

कृती : कोरड्या वस्तू चाळून एकत्र कराव्यात. अंडी आणि दूध वेगळे फेटून त्यांत मिसळावे. दहा मिनिटे ठेवल्यावर इसबगोलामुळे पीठ दाटसर होईल. आच मंद ठेवावी, कारण बदाम लवकर करपतो. पळीभर पिठाचे, तळहाताहून लहान असे पॅनकेक घालावेत. मोठा घातला तर उलटताना मोडतो. वर बुडबुडे दिसून कडा घट्ट झाल्या की पातळ उलथन्याने हलकेच उलटावे. वरून दही आणि चार-पाच स्ट्रॉबेऱ्या पुरे होतात.

तो मोडतो का, हेही समजून घेऊ. मैद्यात पाणी पडले की ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते आणि ते पॅनकेकला धरून ठेवते. बदामात आणि बेसनात ग्लुटेन नाही. येथे ते काम अंड्यातील प्रथिने करतात. उष्णतेने ती घट्ट होतात आणि सगळ्याला बांधतात. इसबगोल पाणी धरून त्यांना मदत करतो. म्हणून अंडे वगळून हाच पॅनकेक करायला गेले तर तव्यावर चुरा मिळेल. अंडे न खाणाऱ्या घरांनी पहिलीच कृती करावी. तीत वाटलेल्या डाळीची प्रथिने आणि पिष्ट हे काम करतात.

हिशेब : बदाम २, बेसन ९, अंडी १, दूध अडीच, मिळून सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके. एका पॅनकेकमध्ये अडीच ग्रॅम, तिघांत साडेसात. मुगाच्या दोन धिरड्यांच्या जवळजवळ चौथा हिस्सा!

मग हेच रोज खावे का? थांबा. आता ते बदामाचे तेल आठवा. तीन बदाम-पॅनकेकमधून तुपासह सुमारे ३४५ कॅलरी मिळतात. मुगाच्या दोन धिरड्यांतून तेलासह सुमारे २०० ते २२०. ज्याला रक्तातील साखर सांभाळायची आहे त्याला पहिला आकडा महत्त्वाचा. ज्याला वजन उतरवायचे आहे त्याने दुसरा आकडाही पाहिला पाहिजे. बहुतेकांना दोन्ही पाहावे लागतात. 'कमी कर्बोदके' आणि 'कमी खाणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत केली की महिनाभर बदाम खाऊनही काटा हलत नाही.

८. हे कोणासाठी नाही?

हा भाग पालकांनी दोनदा वाचावा.

वाढत्या मुलांसाठी कर्बोदके कमी करण्याचा आहार नाही. मुलांनी धिरडे जरूर खावे, पण त्याबरोबर पोळी, फळ, दूध हेही खावे. आई-बाबा डाएटवर आहेत म्हणून मुलाच्या ताटातला भात काढू नये. मुलांसमोर 'हे खाल्ले की जाड होशील' असे बोलूही नये. ज्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे, त्याच्या घरी कर्बोदके मोजतात ती इन्सुलिनची मात्रा ठरवण्यासाठी, आणि तो हिशेब डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी अचानक कर्बोदके तोडली तर रक्तातील साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. हात थरथरणे, घाम येणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. ज्यांच्या गोळीच्या नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा होतो, त्यांनी कर्बोदके फारच कमी केली तर रक्तात कीटोन आम्ले साचण्याचा धोका वाढतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना प्रथिनांचे प्रमाण ठरवून दिलेले असते. गरोदर बायकांनी स्वतःच्या मनाने कोणताही आहार तोडू नये. या सर्वांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि मग तवा ठेवावा. भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत तर त्यांच्या गोळ्यांची यादी जवळ असल्याशिवाय त्यांचे जेवण बदलू नये.

बदाम आणि अंडे यांची काहींना ॲलर्जी असते. शाळेच्या डब्यात बदामाचा पॅनकेक देण्यापूर्वी शाळेचा नियम पाहावा.

आणि शेवटचे : 'पी हळद आणि हो गोरी' असे येथे काही होत नाही. एका सकाळच्या धिरड्याने साखर उतरत नाही. उपयोग होतो तो मोजण्याच्या सवयीचा. स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा ठेवा. वाटी घरोघरी वेगळी असते आणि दाबून भरली तर तीच वाटी जास्त पीठ घेते. ग्रॅम मात्र मजाजमध्ये आणि मिरजेत सारखाच. मोजण्याचे काम मुलांकडे द्या. त्यांचे गणित पक्के होईल आणि आजोबांच्या ताटलीत काय आहे हे घरात सगळ्यांना कळेल.

९. व्याकरण : पीठ आणि पिठात

या पाठात 'पीठ' हा शब्द दीर्घ 'पी'ने लिहिला आहे, पण 'पिठात' हा ऱ्हस्व 'पि'ने. शब्दाला प्रत्यय लागला की शेवटच्या अक्षराआधीचा दीर्घ 'ई' किंवा 'ऊ' ऱ्हस्व होतो. पीठ–पिठाचे, मीठ–मिठाने, दूध–दुधात, मूग–मुगाची. पण 'मूगडाळ' या जोडशब्दात तो दीर्घच राहतो, कारण तेथे प्रत्यय लागलेला नाही.

अनेकवचने पाहा : ते धिरडे – ती धिरडी. ते घावन – ती घावने. ती आंबोळी – त्या आंबोळ्या. ते थालीपीठ – ती थालीपिठे. तो तवा – ते तवे. 'तव्यावर' म्हणताना 'तवा'चे 'तव्या' होते, तसेच 'धिरडे'चे 'धिरड्या' होते : धिरड्याला, धिरड्याबरोबर.

धिरडे उलटण्याच्या साधनाला तुमच्या घरी काय म्हणतात? कोणी उलथने म्हणतात, कोणी कालथा, कोणी सराटा. तीनही शब्द बरोबर आहेत.

१०. वाचनासाठी संवाद (दोघांनी मोठ्याने वाचावा)

नात : आजी, तू पॅनकेक खाशील का गं?
आजी : मैद्याचा असेल तर नको बाई. परवाच डॉक्टरांनी साखर बघितलीय माझी.
नात : मैद्याचा नाही, मुगाचा. मी स्वतः डाळ मोजलीय.
आजी : अगं, मग पॅनकेक काय म्हणतेस? धिरडं म्हण की!
नात : आजोबा, तुम्हाला किती वाढू?
आजोबा : दोन वाढ. आणि तो मध जरा इकडे दे.
नात : मध नाही मिळणार, आजोबा. चौतीस ग्रॅम होतात. चटणी घ्या.
आजोबा : बघितलंस? मराठीच्या वर्गाला काय पाठवली, घरात हिशेबनीस आली!

स्वाध्याय

१. संधी सोडवा : कर्बोदक, सूर्योदय, महोत्सव.
२. आजोबांनी ४० ग्रॅम बेसनाचे धिरडे खाल्ले आणि २ लहान चमचे (१० ग्रॅम) साखर घातलेला चहा घेतला. बेसन आणि साखर यांची मिळून कर्बोदके किती?
३. मुगाच्या १०० ग्रॅम डाळीत ५० ग्रॅम तांदळाचे पीठ घातले. पालक धरू नका. एकूण कर्बोदके किती?
४. 'कशापेक्षा कमी?' हा प्रश्न विचारावा लागेल अशा तीन जाहिराती किंवा पुड्या दुकानात शोधा आणि त्यांवर काय लिहिले आहे ते मराठीत लिहून आणा.
५. 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' ही म्हण वापरून खाण्याशी संबंध नसलेले एक वाक्य लिहा.
६. आजी-आजोबांना फोन करून त्यांच्या गावी धिरड्याला काय म्हणतात आणि ते कशाचे करतात ते विचारा. उत्तर पाच ओळींत लिहा.

उत्तरे : (१) कर्ब + उदक, सूर्य + उदय, महा + उत्सव. (२) १९ + १० = २९ ग्रॅम. (३) ५३ + ३९ = ९२ ग्रॅम. बाकीची उत्तरे पुढच्या वर्गात आणावीत. ज्यांना धिरडी आणायची असतील त्यांनीही आणावीत, मात्र वजन लिहून!